शांततेची साक्ष

टायटॅनिक १९१२ साली बुडाली आणि त्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून रेडिओ केंद्रांना परवाना सक्तीचा केला. पुढे देशोदेशी शेतासारखे लहरींचे पट्टे वाटले गेले. पण वाटलेली जमीन सगळीच कसली जाते असे नाही. २००२ साली अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाच्या अभ्यासगटाला अनेक पट्टे बराच काळ पडीक आढळले.

त्याआधी, १९९९ साली, जोसेफ मिटोला यांनी ‘कॉग्निटिव्ह रेडिओ’ची, म्हणजे भोवतालचे भान असलेल्या रेडिओची कल्पना मांडली होती. पुढे तिला या पडीक पट्ट्यांचे काम मिळाले. आधी कानोसा घ्यायचा, मालक बोलत नसेल तरच बोलायचे आणि तो आला की जागा सोडायची.

अडचण कानोशातच होती. लहर इमारतींवर, टेकड्यांवर आपटून अनेक वाटांनी येते आणि कधी या वाटा एकमेकींना पुसून टाकतात. यालाच फेडिंग म्हणतात. मालक बोलत असतो, पण नेमक्या त्या जागी शांतता भासते. हातभर सरकले की तोच आवाज येतो! अशा खोट्या शांततेवर विसंबून कोणी बोलू लागले, तर शेजारच्या घरातला टीव्ही बिघडायचा.

२००५ साली टोरांटो विद्यापीठाच्या घासेमी आणि सूसा यांनी दाखवले, की विखुरलेल्या अनेक संचांनी आपापली साक्ष एकत्र केली तर ही चूक खूपच कमी होते. एका कानाला चकवणारी लहर सगळ्यांना एकाच वेळी चकवणे कठीण. मात्र ‘एकाने ऐकले तरी सगळे गप्प’ असा नियम केला, तर एकाच्या भासापायी सारे उगाच मुके होतात. म्हणून काहींनी बहुमताचा नियम सुचवला.

कायद्याची वाट वेगळी निघाली. २००८ साली अमेरिकेने टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यांसाठी कानोसा आणि नोंदवही दोन्ही मागितले. २०१० साली कानोशाची सक्ती काढली. नोंदवहीत जागा रिकामी दिसली की पुरे.

पण २०१५ साली नौदलाच्या रडारचा पट्टा इतरांना खुला करायचे ठरले, तेव्हा नोंदवही अपुरी पडली. युद्धनौका कुठे आहे, हे वहीत कोण लिहील? मग किनाऱ्यावर ठिकठिकाणी ऐकणारी यंत्रे बसवावी लागली. नोंदवही नोंदलेल्यांचीच राखण करते. बाकीच्यांसाठी कान देऊन बसावेच लागते, आणि तेही एकट्याने नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)