काठावरचा मासा : वऱ्हाडच्या डोहांपासून धरणांपर्यंत



कपाशी, ज्वारी, तूर आणि संत्रा यांविषयी आपण आमच्या कार्यक्रमात नेहमीच ऐकता. या पत्रकात पाण्यातल्या पिकाविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. महानच्या काटेपूर्णा धरणावर जा, सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणावर जा, नाहीतर गावाजवळच्या पाझर तलावावर जा. काठावर गळ टाकून बसलेली दोन-चार माणसे दिसतातच. पाहणाऱ्याला वाटते, पाणी आहे म्हणजे मासा असणारच. देवाची देणगी, ज्याच्या गळाला लागला त्याचा. पण तसे नाही, बरं का. आज त्या पाण्यातला बराचसा मासा माणसाने पेरलेला आहे. ही पाळी का आली, ते समजून घेण्यासारखे आहे. त्यात आपल्या वावराचाही संबंध येतो.

डोहांचे दिवस

वऱ्हाड हा मुळात तलावांचा मुलूख नव्हे. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडे, कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी धानासाठी हजारो तलाव बांधले. आपल्याकडे काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन, कोरडवाहू कपाशी-ज्वारी आणि रयतवारी पद्धत. मालगुजार नव्हते, म्हणून मालगुजारी तलावही नव्हते. मासेमारी होती ती नदीची. एका अंगाला पूर्णा, ती तापीला मिळून पश्चिमेच्या समुद्राला जाते. दुसऱ्या अंगाला वर्धा, तिचे पाणी शेवटी गोदावरीतून पूर्वेच्या समुद्राला पोचते.

उन्हाळ्यात नदीची धार तुटली की मागे डोह उरत. मरळ, मागूर, शिंगी हे मासे वरची हवाही घेऊ शकतात, म्हणून आटत्या गढूळ पाण्यातही ते तग धरतात. भोई, धीवर, कहार या समाजांचे पोट या डोहांवर चाले. पण केवळ मासेमारीवर नव्हे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातीजमातींवरचा मोठा ग्रंथ 1916 साली प्रसिद्ध झाला. त्यात धीमर समाजाची कामे दिली आहेत, ती मासे धरणे, पालखी वाहणे, पाणी भरणे, शिंगाडा लावणे अशी आहेत. नदीच्या वाळूत टरबूज-डांगराच्या वाड्याही हीच मंडळी करीत. म्हणजे पाण्याकाठी एकाच घरात चार धंदे होते.

डोहात बीज सोडावे लागत नसे. मृगाचा पाऊस झाला, नदीला पूर आला की मासा प्रवाहाविरुद्ध वर चढे, उथळ पाण्यात अंडी घाली आणि डोह पुन्हा भरे. पेरणी नदीच करीत असे.

पाणी थांबले, वाटही थांबली

1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला. पुढे कापसाची बाजारपेठ वाढली, रेल्वे आली, शहरे वाढली. पालख्या-मेणे गेले, तशी भोयांची एक कमाईही गेली. शहरांना पिण्याचे पाणी हवे होते. अमरावतीजवळचे वडाळी आणि छत्री तलाव त्याच काळातले. आज लोक तिथे फिरायला जातात, पण ते बांधले शहराला पाणी पुरवण्यासाठी.

स्वातंत्र्यानंतर मोठी धरणे झाली. 1970 च्या दशकात काटेपूर्णा, पुढे 1990 च्या दशकात अप्पर वर्धा. शिवाय मोर्णा, निर्गुणा, शहानूर, वाण अशी किती सांगावीत! बारमाही साठलेले पाणी मच्छीमाराला प्रथमच मिळाले. पण धरणाच्या भिंतीने माशाची चढण्याची वाट अडवली. कटला, रोहू, मृगळ हे मोठे मासे थांबलेल्या पाण्यात वाढतात चांगले, पण तिथे अंडी घालत नाहीत. मादीच्या पोटात अंडी तयार होतात, मात्र ती टाकायला तिला पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळे तलाव भरलेला आणि पीक मात्र नाही, अशी स्थिती आली. इथूनच माणसाने पेरायची पाळी आली.

बीज आले कोठून?

आरंभी या माशांचे बीज गंगेच्या खोऱ्यातील नद्यांत पुराच्या दिवसांत गोळा करीत आणि कलकत्त्याहून डब्यांत भरून रेल्वेने दूरदूर पाठवीत. वाटेत बरेच मरे. शिवाय त्यात कोणत्या माशाची पिले आहेत, याचा भरवसा नसे.

1957 साली ही अडचण सुटली. डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओरिसात माशाच्या डोक्यातील एका ग्रंथीचा अर्क काढला आणि तो मादी व नर माशांना टोचला. बांधलेल्या पाण्यात त्यांनी अंडी घातली! तो दिवस 10 जुलैचा. आजही 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. या शोधामुळे मत्स्यबीज केंद्रे निघाली. अंड्यांतून निघतात ते मत्स्यजिरे. ते वाढून बोटाएवढे झाले की त्याला बोटुकली म्हणतात. मोठ्या पाण्यात बोटुकलीच सोडावी. जिरे सोडले तर मरळीसारखे शिकारी मासे ते फस्त करतात.

आता सांगा, धरणातला रोहू कोणाचा? बहुतेक जलाशयांत मच्छीमार सहकारी संस्था ठेका घेते, बोटुकली विकत आणून सोडते आणि तिची राखण करते. त्यात अनेक घरांचा पैसा आणि वर्षाची आशा असते. काठावर गळ टाकण्यापूर्वी संस्थेला विचारणे हा केवळ शिष्टाचार नव्हे. दुसऱ्याच्या वावरातली कपाशी आपण न विचारता वेचतो का? काटेपूर्णा परिसर तर 1988 पासून अभयारण्य आहे. तिथे वनविभागाचे नियमही लागू आहेत.

गळापेक्षा विष वाईट

एका गळाने तलाव रिकामा होत नाही. तलाव रिकामा होतो तो बारीक आसाच्या जाळ्याने, सुरुंगाने आणि विषाने. सुरुंग आणि विष यांना 1897 च्या मत्स्य कायद्याने बंदी घातली. म्हणजे ही खोड शंभर वर्षांहून जुनी आहे. आपल्या कपाशीच्या मुलखात तिला एंड्रिनची जोड मिळाली. बोंडअळीसाठी आणलेले औषध डोहात ओतायचे आणि तरंगून आलेले मासे वेचायचे, असे प्रकार झाले. 1990 साली एंड्रिनवर देशात बंदी आली. ते माशाला मारक होते, तसे तो मासा खाणाऱ्यालाही घातक होते.

एंड्रिन गेले, पण धोका गेला नाही. सायपरमेथ्रिनसारखी आजची औषधेही माशाला अगदी थोड्या प्रमाणात मारक ठरतात. आणि इथे कोणाचा दुष्ट हेतूही लागत नाही. फवारणी झाली, पंप तलावाच्या काठी धुतला, रिकामी बाटली तिथेच बुचकळली, की काम झाले! नेमके काठाचे उथळ पाणीच लहान माशांचे घर असते. मरळ पावसाळ्यात काठाच्या गवतात घरटे करते आणि नर-मादी तांबूस पिलांच्या थव्याची राखण करतात. बोटुकलीही काठाला किडे-शेवाळ टिपायला येते. विष पहिल्यांदा पोचते ते त्यांच्यापर्यंत.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, असे आपण म्हणतो. वऱ्हाडात तर हे पाणीच मोठ्या कष्टाने साठवलेले आहे. त्यातला मासा पेरला मच्छीमाराने, पण तो राखायचा आहे काठच्या शेतकऱ्यानेही.

ध्यानात ठेवा

1. फवारणीचा पंप, बादली आणि बाटल्या तलाव, नाला किंवा शेततळ्यात धुऊ नका. धुण्याचे पाणी काठापासून दूर, पडीक जागेत टाका.
2. तलावालगतच्या वावरात पाऊस येण्याचा रंग असेल तर फवारणी पुढे ढकला. धुऱ्यावर गवताचा पट्टा राखा.
3. पिलांच्या थव्याजवळची मरळ गळाने धरू नका. एक मासा मिळतो, थवा जातो.
4. मेलेले, तरंगणारे मासे खाऊ नका, विकू नका. संस्थेला व ग्रामपंचायतीला लगेच कळवा.
5. शेततळ्यात मासे पाळायचे असतील तर पावसाळ्याआधीच जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात बोटुकलीची चौकशी करा.