बक्षीस आणि दाद

दोन बँकांपैकी कोणाचे क्रेडिट कार्ड घ्यावे, असा प्रश्न पडला की आपली दृष्टी प्रथम बक्षिसाकडे वळते. इतिहास मात्र निराळा क्रम सुचवितो.

१९५८ च्या सप्टेंबरात बँक ऑफ अमेरिका या बँकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरी सुमारे ६०,००० कार्डे टपालाने धाडली. ती कोणी मागितलीच नव्हती. १९७० साली अमेरिकन कायद्याने या प्रथेस बंदी केली आणि चोरीस गेलेल्या कार्डावरील परक्याच्या खर्चाची ग्राहकावरील जबाबदारी ५० डॉलरांपुरती ठरविली. चुकीच्या बिलाविरुद्ध लेखी दाद मागण्याचा हक्क १९७४ च्या कायद्याने दिला. खर्चाचा अंश रोख परत देणारे डिस्कव्हर कार्ड १९८६ साली देशभर निघाले, ते मात्र व्यापारी चढाओढीतून.

बक्षिसाचा पैसा आभाळातून पडत नाही. दुकानदाराकडून घेतलेले कमिशन आणि थकबाकीदारांचे व्याज यांतूनच तो बहुतांशी येतो. बाकी थकवीत राहिल्यास वर्षभराचे बक्षीस व्याजातच बुडावयाचे! कायदा हक्क देतो खरा. परंतु तक्रारीचे उत्तर बँकेतील माणसानेच द्यावयाचे असते. तेव्हा ते कसे व किती दिवसांत मिळते याची चौकशी आधी करावी, बक्षिसाचे कोष्टक मागाहून पाहावे.