व्यसन आणि कुटुंब

मादक पदार्थांच्या सेवनाचे व्यसनी व्यक्तीच्या घरावर होणारे परिणाम. पैशाची चणचण हा त्यांतला सर्वांत उघड परिणाम: आधी पगार, मग भांडीकुंडी, मग बायकोचे मंगळसूत्र. त्याहून खोल जखम अविश्वासाची असते. पत्नी नोटा डाळीच्या डब्यात लपवते, आई शेजाऱ्यांना ‘त्याला बरं नाही’ असे सांगते आणि मुले वडिलांच्या पावलांच्या आवाजावरून घरातल्या संध्याकाळचा अंदाज बांधतात. उधारी फेडणे, कामावर खोटे निरोप देणे हे मायेपोटीच होते. पण त्याने व्यसन लांबते. त्यासाठी घरच्यांना दोषी धरणे मात्र सरासर अन्याय आहे.

१९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द (ब्राउन शुगर) हा मादक पदार्थ पसरला तेव्हा लेखक अनिल अवचट यांनी त्यावर लेखन केले. पुढे साहित्यिक पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या अर्थसाहाय्यातून त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. रुग्णांच्या पत्नींसाठी तिथे ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट चालतो. हे फार मोलाचे आहे, कारण नवरा सावरला तरी तिची झोप व धास्ती लगेच सावरत नाही. अशाच आधारासाठी अमेरिकेत दारुड्यांच्या नातलगांची अल-अनॉन ही स्वमदत चळवळ १९५१ मध्ये सुरू झाली.

घरातील व्यक्ती उपचारास तयार नसली, तरी कुटुंबीयांनी स्वतःसाठी समुपदेशन जरूर घ्यावे. केंद्र सरकारची निःशुल्क व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आहे.