भिजलेले इंजिन आणि दोन चमचे पाणी : एक छोटा इतिहास

१/ मित्रहो, आजचा थ्रेड राजे-रजवाड्यांचा नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर ‘मिसिंग’ करणाऱ्या, अडखळत बंद पडणाऱ्या गाडीचा हा इतिहास आहे. सव्वाशे वर्षांत इंजिन पाण्याला नेमके कोठे हरते, ते ठिकाण बदलत गेले. तो क्रम ध्यानी आला, की बंद गाडीचे निदान बरेचसे सोपे होते.

२/ निमित्त घडले अंबाजोगाईत. बालाघाटाच्या डोंगररांगेतले हे गाव. येथील ओढे वर्षातील बराच काळ कोरडे असतात आणि एका मुसळधार पावसात फरशी पुलावरून वाहू लागतात. अशाच एका फरशीवर माझी दुचाकी मध्यावर बंद पडली. ढकलत काठावर आणली आणि सेल्फचे बटण दाबणार, तोच शेजारच्या गॅरेजमधील मेस्त्री ओरडले, “हात काढा! आधी सांगा, पाण्यात बंद पडली का पाण्याबाहेर?”

३/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न ओळखीचा वाटावा. साधन हाती आले, की आपण प्रथम विचारतो : केव्हाचे? कोठले? मेस्त्रीही तेच विचारत होते. बिघाडाची वेळ हाच त्यांचा पहिला पुरावा होता.

४/ आता थोडे मागे जाऊ. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते. १९०२ मध्ये जर्मनीतील बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा स्पार्क प्लग सिद्ध केला. पुढे १९१० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी कॅडिलॅक गाड्यांसाठी बॅटरी आणि कॉइलवर चालणारी रचना आणली. ठिणगीची सोय झाली. पण हजारो व्होल्टची वीज आता उघड्या तारांतून धावू लागली.

५/ येथेच पाण्याला पहिली वाट मिळाली. विजेला प्लगच्या फटीतून उडी मारण्यापेक्षा ओल्या पृष्ठभागावरून निसटणे सोपे जाते. मग एखादा सिलिंडर पेटत नाही आणि इंजिन अडखळते. अॅम्बॅसेडर, पद्मिनीच्या काळातील चालक पावसात बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरची टोपी कोरड्या फडक्याने पुसत, ते याचसाठी. हा दोष त्रासदायक खरा, पण जीवघेणा नव्हे. ओल गेली, की गाडी पूर्ववत चालते.

६/ याच ओलीशी एका प्रसिद्ध डब्याचा संबंध आहे. १९५३ मध्ये सॅन डिएगोच्या एका लहान कंपनीने अॅटलास क्षेपणास्त्राचे गंजापासून रक्षण करण्यासाठी, पाणी हटवणारे द्रावण शोधायला घेतले. चाळिसावा प्रयोग जमला, म्हणून नाव पडले ‘डब्ल्यूडी-४०’. आज ते गावोगावच्या गॅरेजांत दिसते.

७/ दुसरी वाट डिझेलची. रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनात ठिणगीच नाही. हवा इतकी दाबली जाते, की तिच्या उष्णतेने इंधन पेटते. तारा भिजल्या म्हणून ते अडखळत नाही. पण श्वास त्यालाही हवाच. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या वाहनांचे विजेचे भाग लेप देऊन झाकले होते आणि अनेकांच्या हवा घेणाऱ्या नळ्या उंच केल्या होत्या. ठिणगी कोरडी आणि श्वास मोकळा : दोन्ही धडे एकाच दिवशी वापरात आले.

८/ मराठवाड्याकडे येऊ. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने १९३२ मध्ये २७ बस आणि १६६ कर्मचाऱ्यांसह सेवा सुरू केली. अंबाजोगाई, म्हणजे त्या राजवटीतील मोमिनाबाद. शहरात रेल्वे आजही नाही. गाडी धरायची तर परळी किंवा घाटनांदूर गाठावे लागते. अशा गावाला रस्ता हाच आधार, आणि रस्त्यात ओढे. पाण्यात बंद पडणारे वाहन येथे केवळ गैरसोय नसते. दवाखाना, बाजार, परीक्षा यांच्या मध्ये ते उभे राहते.

९/ आता खरा धोका. पाणी हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरले, तर ते हवेसारखे दाबले जात नाही. हिशेब करून पाहा : १०० सीसीचे इंजिन, दाबाचे प्रमाण १०:१ धरले, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम ११ घन सेंटिमीटर, म्हणजे दोन लहान चमचे. त्याहून जास्त पाणी आत असताना सेल्फ मारला, की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. डिझेल इंजिनात हे प्रमाण अधिक असल्याने जागा त्या मानाने आणखी कमी.

१०/ २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला. पाण्यात अडकलेल्या गाड्या पुन्हा सुरू करू पाहणाऱ्या अनेकांना हा धडा महागात मिळाला. साध्या विमा पॉलिसीत ही हानी बहुधा बसत नाही. त्यासाठी वेगळे ‘इंजिन प्रोटेक्ट’ संरक्षण घ्यावे लागते.

११/ तिसरा टप्पा आपल्या काळाचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि दुचाक्यांतही कार्ब्युरेटरची जागा इंजेक्शन, सेन्सर आणि संगणकाने घेतली. आता पाणी कनेक्टरमध्ये दडते आणि गंज चढल्यावर, कधी आठवड्याने, बोलते. मोटारीतील संगणक मात्र नोंद ठेवतो : ‘पी ०३००’ म्हणजे कोणत्याही एका सिलिंडरपुरते नसलेले मिसिंग, ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरचे. आमच्या भाषेत, हे झाले दप्तर!

१२/ तेव्हा निदानाचा क्रम असा :
• पाणी उडताच अडखळली, वाळल्यावर सुधारली : प्लग कॅप, कॉइल, तारा तपासा.
• खोल पाण्यात एकदम गप्प झाली : सेल्फ, किक, धक्का काहीही नको. एअर फिल्टर पाहा. तो ओला असेल, तर प्लग काढूनच इंजिन फिरवा.
• ऑइल दुधाळ दिसले : त्यात पाणी मिसळले आहे. बदलल्याशिवाय चालवू नका.
• काही दिवसांनी मिसिंग : कनेक्टर आणि टाकीच्या तळाचे पाणी. इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी शोषते आणि प्रमाण वाढले, की त्याचे थर वेगळे होतात.

१३/ माझ्या गाडीचे काय झाले? मेस्त्रींनी प्लग काढून किक मारली. भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली, दोन चमच्यांहून निश्चितच जास्त. बटण दाबले असते, तर इंजिन उघडावे लागले असते. त्यांनी मजुरी घेतली पन्नास रुपये आणि वर एक सल्ला दिला : “फरशीवरून पाणी चाललेलं दिसलं, की थांबायचं. गाडी दुरुस्त होते.” वाक्याचा दुसरा अर्धा भाग त्यांनी उच्चारला नाही. तो मला समजला. तुम्हालाही समजला असेल.