दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन बेघरांना मदत करायची आहे? आधी हे वाचा

दिवाळीची सुट्टी लागली की सोशल मीडियावर एक फोटो हमखास दिसतो. रस्त्याकडेला बसलेले आजोबा, समोर नव्या कपड्यांतलं मूल आणि दोघांच्या हातात फराळाची एकच पिशवी. हेतू चांगलाच असतो. पण त्या आजोबांना चकली चावते का, हे कुणी विचारलेलं असतं का?

सिन्नरला अन्नदान नवं नाही. मुंबईहून शिर्डीला निघालेल्या अनेक पायी पालख्या इथूनच पुढे जातात आणि त्यांना चहा-नाश्ता द्यायला लोक पुढे येतात. पण पालखीतला माणूस चार दिवसांनी आपल्या घरी परततो. ज्याला घरच नाही, त्याला मदत करताना थोडा वेगळा विचार करावा लागतो.

बेघर कोणाला म्हणायचं?

उघड्यावर, फुटपाथवर, पुलाखाली, जिन्याखाली, ह्यूम पाइपमध्ये, मंदिराच्या आवारात किंवा रेल्वे फलाटावर राहणाऱ्यांना जनगणनेत बेघर धरलं जातं. २०११ च्या जनगणनेत देशात असे सुमारे १७ लाख ७३ हजार लोक होते. त्यातले सुमारे २ लाख ११ हजार महाराष्ट्रात होते.

यातला प्रत्येक जण भीक मागतो असं नाही. माळेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहतींमुळे सिन्नरमध्ये बाहेरगावहून अनेक जण कामाला येतात. हाताला काम असूनही डोक्यावर छप्पर नसू शकतं. मुलांना घराबाहेर पडण्याआधी हे नक्की सांगा.

काय द्यावं आणि कधी?

दिवाळीच्या दोन-तीन दिवसांत फराळ सगळीकडूनच येतो. खरी गरज त्यानंतर सुरू होते. सिन्नरच्या शेजारच्या निफाडमध्ये थंडीत पारा अनेकदा पाच-सहा अंशांवर येतो. सिन्नरची रात्रही उघड्यावर काढण्यासारखी नसते.

म्हणून एक फेरी दिवाळीत आणि दुसरी डिसेंबरमध्ये, असं ठरवा. पहिल्या फेरीत वस्तू कमी न्या आणि विचारपूस जास्त करा. कुणाला चप्पल हवी असते, कुणाला औषध, तर कुणाला घरी फोन लावून हवा असतो. खायला द्यायचंच असेल तर केळी, उपमा, खिचडी असं मऊ आणि ताजं द्या. कपडे धुतलेले, न फाटलेले असावेत. ब्लँकेट, कानटोपी, मोजे, साबण यांचा उपयोग जास्त दिवस होतो.

मुलांनी काय करावं?

- लहान मुलांनी घरीच पिशव्या भराव्यात, वस्तू मोजाव्यात.
- दहा-बारा वर्षांपुढची मुलं मोठ्यांसोबत येऊ शकतात. ही फेरी दिवसाउजेडीच करा.
- समोरच्याला ‘आजी’, ‘काका’, ‘दादा’ म्हणावं. बसलेल्या माणसाशी खाली बसून बोलावं.
- ‘तुम्हाला काय हवंय?’ हे आधी विचारावं. ‘नको’ म्हटलं तर आग्रह करू नये.
- झोपलेल्याला उठवू नये.

फोटो काढावा का?

काढू नये. पिशवी घेणारा माणूस नाइलाजाने ‘हो’ म्हणतो, त्याला संमती म्हणत नाहीत. आपला असा फोटो आपल्या गावच्या ग्रुपवर फिरला तर कसं वाटेल, हे मुलांना विचारून बघा. पोस्ट करायचीच असेल तर भरलेल्या पिशव्यांचा फोटो टाका.

पिशवीने भागणार नसेल तर?

एखादी व्यक्ती भरकटलेली आणि मानसिक आजारी वाटली तर पोलिसांना कळवा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम १०० नुसार, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेणं पोलिसांचं कर्तव्य आहे. ती व्यक्ती बेघर असेल तर तिच्या घरच्यांचा शोध घेणंही त्यांच्यावर बंधनकारक आहे. उपचारानंतर अशी माणसं घरी परतू शकतात. कर्जतच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनने हजारो जणांना त्यांच्या कुटुंबांपर्यंत पोहोचवलं आहे. संस्थेचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हे नंबर मोबाइलमध्ये ठेवा: एकटं किंवा संकटातलं मूल दिसल्यास १०९८, निराधार ज्येष्ठांसाठी १४५६७, तातडीच्या मदतीसाठी ११२. जवळचं निवारा केंद्र कुठे आहे, याची चौकशी नगरपरिषदेत करता येते.

दुसरी फेरी कधी ठेवावी?

नाशिक, पंढरपूर, देहू, आळंदी इथे धर्मशाळा उभारणाऱ्या संत गाडगे महाराजांची पुण्यतिथी २० डिसेंबरला असते. त्या आठवड्यातला रविवार ठरवून टाका. तेव्हा थंडीही वाढलेली असते. दिवाळीत भेटलेल्या आजोबांना मुलांनी नावाने हाक मारली आणि त्यांनी मागितलेली वस्तू हातात दिली, तर पहिली फेरी सार्थकी लागली असं समजा.