धक्का कीं ओढ ?

भूकंपाची बातमी येते तेव्हां आपण पहिल्यानें विचारतों, किती जोराचा होता आणि माणसें किती गेलीं. भूकंपशास्त्राचे अभ्यासक आणखी एक प्रश्न विचारतात, आणि तो ऐकून वाचकांस कदाचित् हंसूं येईल. अमुक वेधशाळेंतील यंत्राची लेखणी प्रथम हालली ती वर गेली कीं खालीं ? एवढ्याशा प्रश्नाच्या उत्तरावर पृथ्वीच्या कवचासंबंधींचा एक मोठा वाद निकालांत निघाला, त्याची ही हकीकत आहे.

युक्ति साधी आहे. दोन पाट लांबीच्या बाजूनें एकमेकांस चिकटवून ठेवावे. उजवा पुढें सरकवावा, डावा मागें. उजव्या पाटाच्या पुढें जो बसला असेल त्यास धक्का बसेल, मागें असेल त्याच्यापासून पाट दूर ओढला जाईल. डाव्या बाजूस नेमकें याच्या उलट. म्हणजे सभोंवारच्या प्रदेशाचे चार भाग झाले. दोहोंत धक्का, दोहोंत ओढ, एकाआड एक. खडकांतील भेग, जिला भूशास्त्री भ्रंश म्हणतात, तिच्या दोन बाजू भूकंपाच्या वेळीं अशाच सरकतात. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपांत भेगेवरचीं कुंपणें तुटून कित्येक फूट बाजूस गेलेलीं लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलीं. त्यावरूनच रीड या अमेरिकन पंडितानें १९१० सालीं मांडलें कीं, खडक वर्षानुवर्षें ताणला जातो आणि अखेर भेगेवर घसरून मोकळा होतो. परंतु बहुतेक भूकंपांची भेग समुद्राच्या तळाशीं किंवा कित्येक मैल खोल असते. तेथें कुंपण कोठून आणावें? तेव्हां दूरदूरच्या वेधशाळांपैकीं कोठें धक्का पोंचला आणि कोठें ओढ, हें नकाशावर मांडून भेगेची दिशा ताडावयाची.

चार भागांची ही मांडणी जपानांत शिदा यांच्या ध्यानांत १९१७ च्या सुमारास आली. नाकानो यांनीं १९२३ सालीं तिच्यामागील गणित सिद्ध केलें. त्याच वर्षीं १ सप्टेंबर रोजीं टोकियो व योकोहामा हीं शहरें भूकंपानें व त्यामागून लागलेल्या आगीनें उद्ध्वस्त झालीं. सुमारें एक लाख माणसें मेलीं. नाकानो यांच्या निबंधाच्या बहुतेक प्रतीहि त्या आगींत जळाल्या. भूकंपाचें मर्म सांगणारा कागद भूकंपानेंच गिळावा, याला काय म्हणावें ! वांचलेल्यांपैकीं एक प्रत कॅलिफोर्नियांत बायर्ली यांच्या हातीं पोंचली. त्यांनीं १९२२ च्या चिलींतील भूकंपाच्या पहिल्या हालचाली गोळा करून १९२८ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला.

पुढें तीस वर्षें ही विद्या रखडली. वेधशाळा अनेक, यंत्रें नाना तऱ्हेचीं. कोठें तारा उलट जोडलेल्या, त्यामुळें धक्क्याची ओढ व ओढीचा धक्का होई. शिवाय या पद्धतींत एक मूळचीच अडचण आहे. चार भाग पाडणाऱ्या रेषा दोन, एकमेकींस काटकोनांत. त्यांतील खरी भेग कोणती, हें नुसत्या लेखणीवरून कळत नाहीं.

हें दैन्य फिटलें तें राजकारणामुळें. अणुबाँबच्या स्फोटांत चोहोंकडे धक्काच जातो, ओढ कोठेंच नसते. गुप्त स्फोट ओळखण्याची ही खूण १९५८ सालीं जिनीव्हा येथें जमलेल्या तज्ज्ञांच्या चर्चेंतहि आली. मग अमेरिकेनें जगभर शंभराहून अधिक ठिकाणीं एकाच जातीचीं यंत्रें बसविलीं; आपल्याकडे पुणें व शिलाँग येथेंहि तीं आलीं. लढाईच्या भीतीनें उभारलेलें हें जाळें भूगर्भविद्येच्या असें उपयोगीं पडलें.

१९६५ सालीं कॅनडांतील विल्सन यांनीं एक धीट तर्क केला. अटलांटिक महासागराच्या मधोमध बुडालेली पर्वतांची रांग आडव्या भेगांनीं ठिकठिकाणीं तुटलेली आहे. विषुववृत्तापाशीं उत्तरेकडचा तुकडा पश्चिमेस सरकलेला दिसतो. कोणीहि म्हणेल, भेगेच्या उत्तरेची जमीन पश्चिमेकडे जात असली पाहिजे. विल्सन म्हणाले, नाहीं. रांग पहिल्यापासूनच अशी तुटक आहे, आणि तिच्या माथ्यांतून निघणारा नवा तळ दोहों बाजूंस पसरत आहे. असें असेल तर दोन तुकड्यांच्या टोकांमध्यें उत्तरेची जमीन पूर्वेकडेच सरकली पाहिजे. एकाच भेगेविषयीं दोन मतें, आणि दोहोंचीं भाकितें अगदीं विरुद्ध ! शास्त्रांत असा सरळ सामना क्वचितच जुळून येतो.

न्यूयॉर्कजवळच्या लामाँट वेधशाळेंतील साइक्स यांनीं तो सामना लावला. दुसऱ्यांच्या छापील याद्यांवर न विसंबतां त्यांनीं मूळ नोंदी स्वतः वाचल्या, आणि मला वाटतें, त्यांचें खरें यश येथेंच आहे. १९६७ सालीं त्यांनीं सतरा भूकंपांचा हिशेब मांडला. त्यांतील दहा आडव्या भेगांवरचे होते, आणि त्या सर्वांनीं विल्सन यांच्याच बाजूनें साक्ष दिली. रांगेच्या माथ्यावरच्या भूकंपांत मात्र जमीन ताणून फांकल्याची खूण होती. दुसऱ्याच वर्षीं आयझॅक्स, ऑलिव्हर व साइक्स यांनीं पॅसिफिकच्या कडांवर समुद्राचा तळ जमिनीखालीं सरकत असल्याचें दाखविलें. खंडें हालतात असें व्हेगेनर यांनीं १९१२ सालीं म्हटलें तेव्हां ज्यांनीं थट्टा केली, त्यांस उत्तर मिळालें.

ज्या वर्षीं साइक्स यांचा निबंध निघाला त्याच १९६७ च्या डिसेंबरांत, ११ तारखेस पहांटे, कोयना हादरली. दख्खनचें पठार अचल, ही पिढ्यान् पिढ्यांची समजूत त्या एका पहांटेंत ढांसळली. पावणेदोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. येथें भूपट्टांची कड नाहीं, ती दूर हिमालयाशीं आहे. म्हणून भेग कशी सरकली यावर पंडितांत बरींच वर्षें मतभेद चालले. शिवाजीसागराचें पाणी या भूकंपास कितपत कारण झालें हा प्रश्न वेगळा, आणि त्याचें उत्तर पहिल्या हालचालीवरून मिळत नाहीं. ती सांगते तें एवढेंच, कीं भेग जवळजवळ उभी होती व तिच्या बाजू आडव्या सरकल्या. दोन रेषांपैकीं खरी कोणती, ही जुनी अडचण येथेंहि होतीच. ती मात्र जमिनीनेंच सोडविली: कोयनानगरच्या परिसरांत पडलेल्या भेगांचा रोंख उत्तर-ईशान्येकडे होता, आणि तो त्या दोन रेषांपैकीं एकीशींच जुळला.