प्रोटोक्लॅव्हिगर
गुजरातमधील अंबरात (तृणमण्यात) सापडलेल्या व मुंग्यांच्या वारुळातील जीवनाशी जुळवून घेतलेल्या भुंगेऱ्याची जीवाश्म प्रजाती. सुरत जिल्ह्यातील तडकेश्वर येथील लिग्नाइटच्या खाणीतून मिळालेल्या नमुन्याचे वर्णन जोसेफ पार्कर व डेव्हिड ग्रिमाल्डी यांनी २०१४ मध्ये प्रोटोक्लॅव्हिगर ट्रायकोडेन्स या नावाने प्रसिद्ध केले. हे अंबर म्हणजे साल वृक्षाच्या कुलातील झाडांची सु. ५.२ कोटी वर्षांपूर्वीची राळ होय. क्लॅव्हिगर या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘गदाधारी’ असा असून तो या भुंगेऱ्यांच्या आखूड, जाड शृंगिकांना चपखल लागू पडतो.

या भुंगेऱ्याचे स्थान समजण्यासाठी त्याच्या गोताचे वर्गीकरण कसे बदलत गेले, हे पाहावे लागते. आखूड पंखकवचांच्या या लहानग्या भुंगेऱ्यांचे पूर्वी सेलॅफिडी असे स्वतंत्र कुल मानले जाई. परंतु शरीररचनेच्या तुलनेतून ते स्टॅफिलिनिडी या अवाढव्य कुलातीलच एक शाखा असल्याचे स्पष्ट झाले आणि १९९५ मध्ये न्यूटन व थेअर यांनी त्यांना सेलॅफिनी या उपकुलाचा दर्जा दिला. त्यातील क्लॅव्हिजेरिटी या समूहाचे भुंगेरे मुंग्यांचे पाहुणे म्हणून राहतात : उदरावरील केसांच्या झुबक्यांजवळ पाझरणारा स्राव मुंग्या चाटतात, त्यांना उचलून पिलांच्या दालनात नेतात, तोंडाने द्रव अन्नही भरवतात आणि हे पाहुणे मात्र त्यांचीच अंडी व अळ्या फस्त करतात.

तडकेश्वरच्या नमुन्यात केसांचे झुबके आहेत, मुखांगे आत ओढलेली आहेत आणि शृंगिकेच्या खंडांची संख्याही घटलेली आहे. एवढ्यावरून तो क्लॅव्हिजेरिटी समूहाजवळचा ठरतो. निर्णायक लक्षण मात्र उदराच्या पाठीवर आहे. आजच्या जातींत तेथील चौथा ते सहावा हे तीन पृष्ठपट्ट एकजीव होऊन त्यांची एकच रुंद ढाल बनलेली असते, तर या जीवाश्मात त्यांच्या सीमा अजून सुट्या व स्पष्ट दिसतात. म्हणून त्याला कोणत्याही हयात प्रजातीत न बसवता समूहाच्या मुळाशी स्वतंत्र स्थान देण्यात आले. हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे, कारण केवळ झुबके पाहून त्याला आधुनिक प्रजातीत घातले असते, तर रूपांतराची ही मधली पायरी नजरेआड झाली असती.

या रचनेचा अर्थ असा की, मुंग्या आजच्याइतक्या विपुल होण्यापूर्वीच त्यांच्या वारुळात शिरकाव करण्याची तयारी या वंशात बरीच पुढे गेली होती. भुंगेरे व मुंग्या यांच्या सहवासाचा याहून जुना पुरावा २०१९ मध्ये म्यानमारच्या सु. ९.९ कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरातून पुढे आला; तो प्रोमिर्मिस्टर हा भुंगेरा मात्र हिस्टेरिडी या निराळ्या कुलातील आहे. क्लॅव्हिजेरिटी समूहाच्या जगभरात सु. ३७० हयात जाती वर्णिलेल्या आहेत.